हात लागायच्या आधीच पोरगा पडला

मा. संपादक,

मागच्या रविवारी लेकीच्या कराटे क्लासचा डेमो बघायला गेलो होतो, इथंच सोलापुरात. सरांनी नुसता हात फिरवला की समोरचा पोरगा धाडकन मॅटवर, टाळ्याच टाळ्या. पण मी पुढंच बसलेलो, हात लागायच्या आधीच त्याची टाच उचललेली मला स्पष्ट दिसली. पोराची चूक नाय हो, रोज तेच करून अंगवळणी पडतं आणि सगळ्यांसमोर सरांना अडवणार कोण? दुखापत नको म्हणून जोडीदाराची साथ लागतेच, पण तीच खरी लढत म्हणून दाखवू नका. समोरचा साथ देत नसला की काय होतं बघा, चीनमध्ये २०१७ ला शू शियाओडोंग या एमएमएवाल्याने (एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी लढत) ताई ची या चिनी युद्धकलेच्या मास्टर वेई लेईला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली घेतलं. ज्युदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोंनी त्यात रांदोरी म्हणजे मोकळी झटापट ठेवली ती यासाठीच, आणि आपल्या तालमीत तरी काय, वस्ताद डाव शिकवतो न् लगेच जोड लावून देतो, समोरचा जोर लावून अडवतोय तरी बसला तरच डाव आला म्हणायचा.

घरी येताना लेक म्हणाली, पप्पा मी आता कुणालापण पाडू शकते. ते ऐकून मला भीतीच वाटली. क्लासवाल्यांनी महिन्यातून एकदा तरी गार्ड घालून पालकांसमोर मोकळं स्पारिंग, म्हणजे समोरचा खरंच अडवतोय अशी सरावाची लढत, ठेवावं.

एक पालक, सोलापूर