स्टेशनमास्तरांची मुलगी

कासेल, जर्मनी, रविवार

ती. बाबा आणि आईस साष्टांग नमस्कार.

आई, खोकला गेला. फोनवर वारा ऐकून तू घाबरलीस, पण खिडकी मी मुद्दाम उघडली होती. इथे थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच मिनिटांनी घट्ट लावायच्या. नुसती फट ठेवून चालत नाही, भिंती गारठतात आणि हीटरचं बिल चढतं. घरं इतकी बंदिस्त की भाताची, आंघोळीची वाफ बाहेर जातच नाही, मग भिंतीला बुरशी धरते. याला ‘लुफ्टेन’ म्हणतात, सगळे करतात. तेवढा वेळ मी स्वेटर घालूनच असते, शपथ.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. परवा घरमालकीण आजींनी त्यांच्या लहानपणचा सिनेमा दाखवला, ‘इष डेंके ऑफ्ट आन पिरोश्का’, म्हणजे ‘मला पिरोश्काची अनेकदा आठवण येते’. कुर्ट होफमानचा, 1955 चा. गोष्ट 1925 ची. एक जर्मन विद्यार्थी हंगेरीतल्या आडगावी जातो आणि स्टेशनमास्तरांच्या मुलीच्या प्रेमात पडतो. स्टेशनमास्तरांच्या, बाबा! गावाचं नाव होडमेझोवाशारहेयकुताशिपुस्ता. आजी ते एका दमात म्हणतात. पिरोश्काचं काम करणारी लिझेलोटे पुल्फर मूळची स्विस, पण हंगेरियन वळणाचं मोडकं जर्मन इतकं गोड बोलते की मला फार धीर आला. ती त्याला सिग्नल द्यायला लावते, तेव्हा मला रहिमतपूर दिसलं. लिव्हरवर माझे हात, वर तुमचे, आणि तुम्ही म्हणायचात, “पडला बघ सिग्नल!”

1943 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं कासेल जळून गेलं. सिनेमा आला तेव्हा आजी दहा वर्षांच्या, त्यांच्या गल्लीत अजून पडक्या भिंती होत्या. थिएटरात मात्र ऊन, माळरान आणि हसणारी माणसं. त्या तीनदा गेल्या होत्या म्हणे.

शेवटी तो निघतो. रात्री ती सिग्नल देऊन गाडी थांबवते, तो उतरतो, परत येईन म्हणतो, आणि कधीच येत नाही. आजी डोळे पुसत “किती सुंदर” म्हणाल्या. मला नाही वाटलं. त्या मुलीनं त्यानंतर किती गाड्या पाहिल्या असतील.

दोन वर्षांनी येते म्हणाले होते, चौथं चालू आहे. तुम्ही विषय काढत नाही म्हणून मी विसरले असं समजू नका. इथे माझं सगळं छान चाललंय, खरंच.

पत्र्यांचे साठ हजार सोमवारी पाठवते. कर्जाचा हप्ता मीच भरणार, पेन्शनला हात लावू नका. सांगलीच्या स्थळाला होही कळवू नका आणि नाहीही. त्यांचा नंबर पाठवा, मी स्वतः बोलेन. दादाच्या लग्नासाठी रजेचा अर्ज दिलाय, अजून मंजुरी नाही. साखरपुडा चुकला, लग्न चुकवणार नाही. वहिनींना तसं सांगा.

बाबा, गुडघे दुखतात तर कराड स्टेशनवर घ्यायला येऊ नका, असं लिहिणार होते. पण या.

तुमची,
मनू