कल्चर रूमच्या मामांना पत्र

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून कणकवलीला पाठवता आलं असतं. पण माझं नाव छापून आलं ते चारचौघांत, तेव्हा तुमचे आभारही चारचौघांतच मानायला हवेत. गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी माझ्या कामाची यादी वाचून दाखवली: मज्जातंतूंची वाढ, मेंदूच्या गाठी, इतके शोधनिबंध, इतके विद्यार्थी. यादी खरी होती. तिच्यात तुम्ही नव्हतात, आणि ती यादी मीच करून दिली होती.

१९८८ साली मी साताऱ्याहून परळला आले तेव्हा माझ्याजवळ एमएस्सीचा पहिला वर्ग होता, पण जिवंत पेशी एकदाही स्वतःच्या हाताने वाढवलेली नव्हती. सर परदेशी गेलेले, कल्चर रूमची, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीची, किल्ली तुमच्याकडे. तुम्ही १९८२च्या संपात गिरणी सुटल्यावर अटेंडंट म्हणून लागलेले. त्रासन, म्हणजे सूत कातायच्या, खात्यात फिरत्या चात्यांवरचा तुटलेला धागा सांधायची तुमच्या बोटांना सवय. पहिला आठवडाभर तुम्ही मला पिपेटला हात लावू दिला नाहीत. समोर रॅटच्या शेपट्या ठेवल्यात. शेपटीच्या सांध्याशी मोडायचं, हळू ओढायचं, की आतून पांढरेशुभ्र तंतू निघतात. ते सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवले की कोलॅजन तयार. ते डिशच्या तळाला लावल्याशिवाय आमच्या पीसी-ट्वेल्व्ह पेशी नीट चिकटून बसत नसत. माझे तंतू तुटायचे, तुमचे अखंड यायचे.

दुसरी गरज एनजीएफची, म्हणजे मज्जातंतू वाढवणाऱ्या प्रथिनाची. ते परदेशातून मागवायचं तर पैसे आणि महिने, दोन्ही लागत. म्हणून आपण ते घरीच काढायचो. नर उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत ते भरपूर असतं, मादीत फार कमी. ग्रंथी काढण्यातली तुमची सफाई पाहून बाहेरून आलेले एक प्राध्यापक तुमच्यामागे उभेच राहिले होते, आठवतं?

पीसी-ट्वेल्व्ह ही तशी गाठीतलीच पेशी. लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी १९७६ मध्ये रॅटच्या अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडावरच्या, ग्रंथीतल्या गाठीपासून ती वाढवली. नुसती ठेवली तर ती वाढतच जाते, पण एनजीएफ घातलं की काही दिवसांत वाढणं थांबतं आणि तिला मज्जापेशीसारखे लांब तंतू फुटतात. माझ्या पहिल्या डिशला नवव्या दिवशी तंतू दिसले तेव्हा मी तुम्हाला मायक्रोस्कोपपाशी ओढत आणलं. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "ह्या सूत कोण कातता?"

त्यावरून मी तुम्हाला रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनींची गोष्ट सांगितली. मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी विद्यापीठाचं दार बंद झाल्यावर त्यांनी तुरिनच्या घरात, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांचे मज्जातंतू तपासले. पुढे अमेरिकेत सेंट लुईसला त्यांना दिसलं, की उंदराची गाठ भ्रूणात बसवली तर मज्जातंतू गाठीकडे धावत येतात. गाठीतून काहीतरी झिरपतंय हे सिद्ध करायला १९५२ मध्ये त्या गाठ असलेले दोन उंदीर घेऊन विमानाने रिओला गेल्या. तो पदार्थ स्टॅन्ली कोहेन यांनी वेगळा काढला, आणि १९८६ मध्ये दोघांना मिळून नोबेल मिळालं. तुम्ही एवढंच विचारलंत, "विमानात उंदीर जगले?" जगले, मामा. तो प्रश्न मी नंतर वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले. प्रयोग उंदीर जगण्यावरच उभा होता, आणि मला तोवर ते सुचलंही नव्हतं.

याच डिशमुळे मी मेंदूच्या गाठींकडे वळले. गाठीतली एक पेशी वाढणं सोडून मज्जापेशीसारखी वागू शकते, तर मेंदूच्या गाठीतली का नाही? त्यातच कोहेन यांनी त्याच लाळग्रंथींतून ईजीएफ नावाचं दुसरं एक वाढप्रथिन काढलेलं होतं, आणि ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या अनेक गाठींत नेमकं त्या ईजीएफच्या ग्राहकाचं, म्हणजे ईजीएफ ज्याला येऊन चिकटतं त्या पेशीवरच्या प्रथिनाचं, जनुक कित्येक पटींनी वाढलेलं सापडत होतं. मला वाटलं, दहा वर्षांत काहीतरी हाती लागेल.

मग ऑपरेशन थिएटरमधून नमुने यायला लागले. बर्फाचा डबा घेऊन जिन्याने तुम्हीच यायचात, कारण लिफ्टचा भरवसा नसे आणि नमुना लवकर मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, पडायला हवा. पहिल्या दिवशी मी घाईने चिमटा घातला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "बाय, सावकाश. कोणाच्या तरी डोक्यातला आसा ह्या." तोवर मी त्याला नमुना क्रमांक एक म्हणत होते. त्यानंतर माझ्या प्रयोगशाळेत कुणीही टेबलाशी ते तुकडे हाताळताना मोठ्याने बोललेलं नाही.

एकदा मी तुमच्यावर ओरडले होते. एका फ्लास्कवरचं लेबल अर्धवट पुसलं होतं. मला खात्री होती त्या पेशी कुठल्या ते, पण तुम्ही ऐकेनात. तीन आठवड्यांचं काम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, नष्ट झालं. एका वेळी हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, एकाच प्रकारच्या पेशी, प्रत्येक प्रकाराची मीडियमची बाटली वेगळी, असा तुमचा दंडक होता. २०१६ मध्ये स्वीडनहून बातमी आली, की उप्सालाला १९६०च्या दशकात एका रुग्णाच्या गाठीपासून सुरू झालेली, जगभर वापरली जाणारी यू-सत्त्याऐंशी पेशी मुळात त्या रुग्णाची नाहीच. जपून ठेवलेल्या मूळ गाठीशी डीएनए जुळला नाही. ती बहुधा दुसऱ्याच कुणाच्या मेंदूतली. वाचून मी माझ्या खोलीत बसून राहिले. त्या दिवशी तुम्हाला फोन करायला हवा होता, केला नाही.

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कुर्ल्याजवळ एका शाळेत रात्रभर अडकले होते आणि डोळ्यांसमोर फक्त नायट्रोजनची टाकी येत होती, सतरा वर्षांत गोठवून ठेवलेले सगळे नमुने तिच्यात. तुम्ही लालबागहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेलात आणि दोन रात्री तिथेच राहिलात. रजिस्टर माझ्याकडे आहे. २७ तारखेच्या नोंदीत नायट्रोजनची पातळी इंचांत, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर बदलल्याची वेळ आणि मीडियम बदललेल्या फ्लास्कचे क्रमांक आहेत. पाण्याचा उल्लेख नाही.

त्या पेशींवर लिहिलेल्या निबंधात लेखक म्हणून पाच नावं होती. सहावं तुमचं असायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. कुणी विचारलं तर काय सांगू, या भीतीने मी गप्प राहिले आणि खाली 'तांत्रिक साहाय्य' असं लिहून मोकळी झाले, नावाशिवाय. याची माफी मागते.

ग्लायोब्लास्टोमा बरा झालेला नाही, मामा. २००५ मध्येच मोठ्या चाचणीचा निकाल आला होता: रेडिएशनला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिली तर रुग्णांचं मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर जातं. अडीच महिने. ते कुणाकुणाला मिळाले ते मी पाहिलं आहे आणि त्यांना कमी लेखणार नाही. पण १९८८ साली मी एवढ्यासाठी निघाले नव्हते.

खोली रिकामी करताना टाकीच्या तळाच्या कांडीत एक नळी सापडली. तुमच्या अक्षरात, निळ्या शाईत: 'बाय, पहिली, ८९'. माझी शेवटची विद्यार्थिनी म्हणाली, उघडून पाहू या. आता कोलॅजन लावलेल्या डिश तयार मिळतात, एनजीएफ कुपीतून येतं. पण या एका वेळेसाठी मी रॅटच्या शेपट्या मागवल्या आणि तिला तंतू ओढायला शिकवले. तिचेही तुटले. पेशी पहिले चार दिवस रुसल्या होत्या, मग धरल्या. नवव्या दिवशी तंतू फुटले.

फोटो तुमच्या मुलाच्या फोनवर पाठवले आहेत. मोठा करून बघा, उजवीकडच्या कोपऱ्यात सगळ्यात लांब आहे तो.

तुमची,
बाय