भिजलेला चार्जर फेकण्यापूर्वी

महोदय,

ड्रिल, ग्राइंडर यांसारख्या बॅटरीवरील हत्यारांचा चार्जर पाण्यात भिजला की तो वरवर पुसून 'चालतो का बघू' म्हणत लगेच प्लगला लावण्याची सवय घातक आहे. खरे नुकसान पाण्यापेक्षा त्यात विरघळलेले क्षार करतात. पाणी वाळल्यावरही ते सर्किट बोर्डवर राहतात, ओलावा धरतात आणि तांब्याच्या पट्ट्या हळूहळू खातात. म्हणून दुरुस्तीत बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने (लवकर उडून जाणाऱ्या सफाईच्या द्रवाने) धुऊन पूर्ण वाळवावा लागतो. मात्र हे काम जाणकारानेच करावे, कारण २३० व्होल्टच्या पुरवठ्यावरील चार्जरच्या मुख्य कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, प्लग काढल्यानंतरही सुमारे ३२५ व्होल्टचा दाब काही काळ टिकू शकतो. उडालेला फ्यूज नुसता बदलूनही भागत नाही. पुष्कळदा त्यामागे शॉर्ट झालेला रेक्टिफायर (एसी विजेचे डीसी करणारा भाग) किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर (वीज वेगाने चालू-बंद करणारा भाग) असतो. बॅटरीचे तापमान कळवणारा संपर्कबिंदू गंजल्यास चार्जरला चुकीचे तापमान कळते, आणि लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक नव्हे. एवढे करूनही दुरुस्ती अडते ती सर्किटच्या आकृतीअभावी, म्हणजे भागांची जोडणी दाखवणारा नकाशा नसल्याने. उत्पादकांनी सर्किटची आकृती व सुटे भाग उपलब्ध करून द्यावेत. अन्यथा एका लहानशा भागासाठी अख्खा चार्जर कचऱ्यात जातो.

— एक दुरुस्ती कारागीर