बाबा घाबरतात आणि आई घाबरतच नाही

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि विषय शेजारच्यांच्या पार्किंगवर जातो, म्हणून टाईप करून पाठवतेय, चष्मा लावून नीट वाचा.

बाबा, आधी तुमचं. नडगीवरचं इसब परत उठलंय ते व्हिडिओ कॉलवर दिसलंच, पायजमा खाली ओढून काही उपयोग नाही. डॉक्टरांनी मोमेटासोन क्रीम दिलं, तुम्ही दोन-चार दिवस लावलं, मग कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं यात स्टेरॉइड असतं आणि ट्यूब गेली कपाटात. अहो असतंच स्टेरॉइड, त्यानेच तर सूज आणि खाज उतरते! कातडी पातळ होते ती कडक क्रीम महिनोन्महिने लावत राहिलं तर, त्यातही चेहरा, काख, जांघ इथे जास्त. तुम्हाला सांगितलंय दिवसातून एकदा, फक्त लाल खडबडीत भागावर, आणि तिथली कातडी मऊ झाली की बंद. अन् लावता किती, तर अत्तराच्या फायाएवढं. तर्जनीच्या टोकाला एक पेरभर पट्टी काढायची, ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा होते. आमच्या चिनूलाही इसब आहे ना, त्याच्या डॉक्टरांनी मला असंच मोजायला शिकवलंय.

चिनूच्या पापणीवर उठतं तेव्हा मात्र ते स्टेरॉइड देत नाहीत, टॅक्रोलिमस देतात, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं सूज उतरवणारं मलम, ०.०३ टक्केवालं, मोठ्यांसाठी ०.१ टक्केचं पण मिळतं. पहिले काही दिवस चुरचुरतं म्हणून तो घर डोक्यावर घेतो, मग काही नाही. हे एवढ्यासाठी सांगतेय की कुठल्या जागेला काय लावायचं ते ठरलेलं असतं, सगळ्याला एकच ट्यूब चालत नाही.

आणि आई, आता तू. ती मेडिकलवाल्या दादांनी दिलेली ट्यूब. मी फोटो झूम करून वाचलं, त्यात क्लोबेटासोल आहे म्हणजे या क्रीम्समधलं सगळ्यात कडक स्टेरॉइड, वर बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. तू ती बोटांच्या भेगांना लावतेस, मानेला लावतेस, आणि वर काकूंना नायट्यासाठी दिलीस!! नायट्यावर स्टेरॉइड गेलं की खाज थांबते म्हणून बरं वाटतं पण बुरशी आतल्या आत पसरते, गोल कडा पुसट होतात आणि मग डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. काकूंना आजच सांग बंद करायला आणि स्किनवाल्यांना दाखवायला. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलंय, तरी दुकानात साबणासारखी मिळतात, आता बोलणार कुणाला.

तुझ्या बोटांचं मूळ भांड्यांच्या साबणात आणि लसूण सोलण्यात आहे, नुसत्या ट्यूबने ते जाणार नाही. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घाल, सुचत नाही म्हणतेस पण सवय होते.

दोघांसाठी मुख्य औषध म्हणजे मॉइश्चरायझर, आणि तेच तुम्ही वाचवून वापरता. सुगंधी लोशन नको, साधं पांढरं पेट्रोलियम जेली चालेल, थोडं चिकट होतं हे मान्य. आंघोळ कोमट पाण्याने, बाबा, कडकडीत नाही, आणि त्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतणं बंद. टॉवेलने टिपून अंग ओलसर असतानाच लावायचं, दिवसात परत एक-दोनदा. स्टेरॉइड आणि हे लगोलग एकावर एक नको, मध्ये अर्धा तास जाऊ दे. डबीत बोटं घालू नका, चमच्याने काढा. इसब नसेल त्या दिवशीही लावायचं, म्हणजे परत उठायचं प्रमाण कमी होतं. एक मात्र सांभाळ आई, पदराला, बाह्यांना हे मुरत जातं आणि वाळलेला तसला कपडा पटकन पेट घेतो, त्यामुळे निरांजन आणि गॅसपाशी जपून.

जागा ओली झाली, पिवळी खपली धरली, दुखायला लागली किंवा ताप आला तर क्रीम वाढवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. तसं काही नसेल तर शनिवारी संध्याकाळची वेळ घेतलीये दोघांची. आई, ती ट्यूब फेकू नकोस, सोबत ने, डॉक्टरांना नाव वाचू दे आणि किती दिवस लावतेयस ते खरं सांग, एकदम बंद करायची की हळूहळू ते तेच ठरवतील.

तुमची,
मनू