जाहिरात मराठीत, अटी इंग्रजीत: विमा नियामकांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

परळच्या एका खासगी रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत मी मेडिक्लेमच्या डेस्कवर काम केलं. कॅशलेसचे, म्हणजे बिल थेट विमा कंपनीने भरावं यासाठीचे कागद भरायचे, टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मधल्या संस्थेकडे पाठवायचे, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि शेवटी किती रुपये मंजूर झाले ते नातेवाइकांना सांगायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात नकोसं. काचेपलीकडचा माणूस पॉलिसीचा कागद क्वचितच पुढे करायचा. तो टीव्हीवरची जाहिरात म्हणून दाखवायचा. "सगळं कॅशलेस म्हणाले होते." "पहिल्या दिवसापासून कव्हर म्हणाले होते." कोण म्हणालं होतं, तर एक नट.

प्राधिकरणाने पॉलिसीच्या कागदावर बरंच काम केलंय, हे मी आधीच मान्य करते. २०२४ मध्ये आधीपासून असलेल्या आजारांचं वेटिंग, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांना कव्हर मिळेपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणलंत. पॉलिसी पटली नाही तर परत करायला ३० दिवस दिलेत. डिस्चार्जच्या वेळची मंजुरी ३ तासांत द्यायला सांगितलीत. त्या ३ तासांचं मोल डेस्कवर बसलेल्यालाच ठाऊक; मंजुरी रात्रीपर्यंत लटकली की खोलीचं आणखी एका दिवसाचं भाडं बिलात चढायचं. पण हे सगळे दिलासे पॉलिसी घेऊन झाल्यावरचे. पॉलिसी निवडताना आमच्यासमोर कागद नसतो, टीव्ही असतो.

मी लालबागला राहते. आमच्या मजल्यावर संध्याकाळी सातपासून दारं उघडी आणि मालिका सुरू. मधल्या जाहिरातींवर बायका बोलतात, तेवढं बाजारपाहणी करणाऱ्यांना कुणी सांगत नसेल. बाप गेल्याचं दाखवणारी टर्म इन्शुरन्सची, म्हणजे मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याची जाहिरात लागली की माझ्या सासूबाई आवाज बंद करतात. भरल्या घरात तिन्हीसांजेला असलं दाखवतात का, हा त्यांचा सवाल. समोरची शेजारीण म्हणते, एवढा मोठा हिरो घेतलाय म्हणजे कंपनीकडे पैसा आहे, आपले बुडवणार नाहीत. तिचा मुलगा लगेच उलटं बोलतो, हिरोचे पैसे तुझ्या हप्त्यातूनच गेले की. त्याचं म्हणणं खोटं नाही. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःच्या खर्चासाठी वापरायची मुभा तुमच्याच नियमांनी दिली आहे. कमिशन, पगार, जाहिरात, सगळं त्यात आलं.

या बायका भोळ्या नाहीत. भाजीवाल्याला पाच रुपयांसाठी परत पाठवणाऱ्या आहेत. पण विम्याच्या जाहिरातीत त्यांना तपासता येईल असं काही ठेवलेलंच नसतं.

आता मुद्द्यावर येते. मराठी वाहिनीवर जाहिरात मराठीत बोलते. हिंदीवरून डब केलेली का असेना, पण आई, बाबा, सूनबाई सगळे मराठीत बोलतात. वचन मराठीत मिळतं. आणि त्या वचनाला 'अटी लागू' सांगणारी जी चांदणी (*) लावलेली असते, तिचं उत्तर पडद्याच्या तळाला इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत येतं आणि वाचायच्या आत निघून जातं. मी स्वतः मोबाइलवर अशी जाहिरात थांबवून, मोठी करून वाचली, तेव्हा कुठे वेटिंग, वयाची अट आणि धूम्रपानाची अट दिसली. टीव्ही कोण थांबवणार?

हे चालता कामा नये, असं सरकारनेच म्हटलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. दावा ज्या भाषेत केला, त्याच भाषेत त्याची अट लिहायची, हे त्यात स्पष्ट आहे. जाहिरात उद्योगाची स्वतःची संस्था, इथे मुंबईतलीच एएससीआय, हेच सांगते. तुमच्याकडच्या २००० सालच्या नियमांतही महत्त्वाचे अपवाद आणि मर्यादा न सांगणारी, किंवा अपुऱ्या सांगणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली होती. लालबागमधल्या बाईला इंग्रजीत दोन सेकंद दाखवणं अपुरं नाही, तर मग अपुरं कशाला म्हणायचं?

किमतीचं तर विचारूच नका. १ कोटीचं कव्हर महिना काहीशे रुपयांपासून, ही ओळ सगळ्यांना पाठ. ते काहीशे रुपये विशीतल्या, तंबाखू-सिगारेट न ओढणाऱ्या, धडधाकट माणसासाठी असतात. जाहिरातीत मात्र दोन मुलांचा, कानाजवळ केस पिकलेला बाप दाखवतात. त्या बापाचा हप्ता सांगा ना. पडद्यावर ज्या वयाचा माणूस, त्याच वयाचा आकडा, एवढा एक नियम केलात तरी निम्मी फसगत थांबेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ते चांगलंच झालं. पण मग हप्त्याचा खरा आकडा सांगायला आणखीच सोपं झालं, नाही का?

आणि ते टक्के. अमुक टक्के क्लेम मंजूर, हा आकडा पडद्यावर सगळ्यात मोठा असतो. जीवन विम्यात तो क्लेमच्या संख्येवर काढतात, रकमेवर नाही. म्हणजे २ लाखांची जुनी पॉलिसी आणि १ कोटीची टर्म पॉलिसी, दोन्ही एकेकच मोजल्या जातात. छोटे क्लेम भराभर दिले आणि मोठे अडवले, तरी टक्का झकास दिसू शकतो. आरोग्य विम्यातली गोम वेगळी आहे. तिथे अर्धवट दिलेला क्लेमही दिलेलाच धरतात.

डेस्कवर हे समजावताना घसा कोरडा पडायचा, म्हणून इथे हिशोबच मांडते. समजा पॉलिसी ३ लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. मुंबईत त्या भाड्यात खोली मिळाली नाही, म्हणून पेशंट ५ दिवस ६,००० च्या खोलीत राहिला. घरच्यांना वाटतं, रोजचे वरचे ३,००० आपण भरू, १५,००० जातील. पण मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली म्हणून सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट, हे सगळंही निम्म्यानेच मंजूर होतं. हे खर्च १,२०,००० असतील तर आणखी ६०,००० खिशातून. २०२० पासून औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कात्रीतून वगळल्या, तेवढाच आधार. एकूण ७५,००० घरच्यांनी उसनेपासने करून भरले, आणि कंपनीच्या खात्यावर हा क्लेम 'मंजूर' म्हणून जमा. पुढच्या जाहिरातीतल्या टक्क्यात आमचा हा पेशंटही मोजला गेलेला असतो.

अशी मर्यादा नसलेल्या पॉलिसीही बाजारात आहेत, थोड्या महाग. म्हणजे निवडीला वाव आहे. पण जाहिरातीत खोलीभाड्याचा उल्लेखच नसेल, तर दुकानात उभं राहून काय मागायचं हे माणसाला कळणार कसं? त्याला हिरो आणि टक्का एवढंच आठवतं. एजंट चांगला भेटला तर सांगतो. सगळे चांगले भेटत नाहीत.

कंपन्या म्हणतील, तीस सेकंदांत काय काय सांगायचं? म्युच्युअल फंडवाल्यांना बघा. बाजारातल्या जोखमीचं वाक्य ते घाईघाईने का होईना, पण बोलून दाखवतात, आणि आमच्या मजल्यावरच्या पोरांनाही ते तोंडपाठ आहे. शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, सक्ती केली म्हणून झालं. विम्यालाही तसं करता येईल. वेटिंग किती, खोलीभाड्याला मर्यादा आहे की नाही, को-पे, म्हणजे बिलातला ठरावीक हिस्सा आपणच भरायची अट, आहे का, ही तीनच उत्तरं, जाहिरातीच्या भाषेत, त्याच आवाजात आणि ऐकू येईल अशा गतीने. वेळ कमी पडला तर हिरोचं नाचणं कापा.

पॉलिसीसोबत मिळणारं ग्राहक माहितीपत्रक स्थानिक भाषेत मागता येतं, अशी सोय तुम्ही केलीत. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागता येतं हे ठाऊक कुणाला? क्लेम नाकारला तर सांताक्रूझला विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथे फुकट तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंतचा निवाडा मिळू शकतो, हेही कितीतरी नातेवाइकांना पहिल्यांदा माझ्याकडूनच कळलं. वास्तविक हे सांगणं रुग्णालयाच्या कारकुनाचं काम नव्हतं. जाहिरातीच्या शेवटच्या चौकटीत कंपनीच्या टोल फ्री क्रमांकाशेजारी तुमच्या तक्रार केंद्राचा १५५२५५ हा क्रमांक तेवढ्याच ठळक अक्षरांत का नसावा?

२०४७ पर्यंत सर्वांसाठी विमा, हे प्राधिकरणाचं उद्दिष्ट आहे. त्या 'सर्वां'त आमचा मजला येतो, आणि तो मराठी वाहिन्या बघतो. जानेवारी ते मार्चमध्ये कर वाचवायच्या घाईत विमा सगळ्यात जास्त खपतो आणि जाहिरातींचा माराही तेव्हाच होतो. अटींची भाषा, पडद्यावरच्या माणसाच्या वयाचा हप्ता आणि अर्धवट दिलेले क्लेम वेगळे दाखवणारा टक्का, या तीन गोष्टींचं परिपत्रक जानेवारीच्या आत काढावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मेडिक्लेम डेस्क कर्मचारी
लालबाग, मुंबई