रविवारची मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चुकवून थेट वाइनरीत नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
समूह सहल विभाग, ठाणे कार्यालय

विषय: नाशिकच्या एकदिवसीय सहलीत ठरलेली मिस्सा न मिळाल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,

ठाण्याच्या आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समुदायातील) ज्येष्ठ मंडळी आणि काही तरुण कुटुंबे यांच्यासाठी मी आपल्याकडे नाशिकची एक दिवसाची सहल ठरवली होती. आपल्या छापील पत्रकात पहिल्याच ओळीत नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात सकाळच्या मिस्सेत सहभाग, त्यानंतर जेवण आणि दुपारी वाइन टेस्टिंग असा क्रम आहे. प्रतिमाणशी ₹३,२०० आम्ही या क्रमासाठी भरले.

हा क्रम आम्ही मुद्दाम मागून घेतला होता. मिस्सेत वेदीवर अर्पण होणारी वाइन निव्वळ द्राक्षांची आणि भेसळ नसलेली असावी, असा चर्चचा नियम आहे. सकाळी तिचे अर्पण अनुभवायचे आणि दुपारी ती जिथे तयार होते तो मळा बघायचा, अशी मंडळींची इच्छा. तारीखही विचार करूनच धरली होती. द्राक्षतोडणीचा हंगाम सुरू होता आणि राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, यायचा होता. उपवासकाळ लागला की आमच्यातले बरेच जण वाइनला हात लावत नाहीत.

प्रत्यक्षात बस ठाण्यातूनच उशिरा सुटली. आमणे येथून समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत जाण्याचे आपण कबूल केले होते. चालकाने मात्र टोल वाचवण्याची सूचना असल्याचे सांगून गाडी जुन्या महामार्गानेच घातली. उशीर झालेला असतानाही शहापूरच्या पुढे एका हॉटेलापाशी पाऊण तास थांबवली. तिथे आमच्यातल्या वयस्कर मंडळींनी चहासुद्धा घेतला नाही. ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारा पवित्र प्रसाद) घेण्याआधी तासभर काही न खाण्याचा नियम आहे. जुनी माणसे मात्र मिस्सा होईपर्यंत तोंडात काहीच घालत नाहीत. त्यांत मधुमेहाचा त्रास असलेल्या एक आजी होत्या. आपल्या सहल व्यवस्थापकाला मी हे दोनदा सांगितले, तरी गाडी हलली नाही.

कसारा घाट चढून घोटीच्या पुढे गेल्यावर सहल व्यवस्थापकांनी जाहीर केले, “चर्च संध्याकाळी बघू, वाइनरीची वेळ चुकली तर परत मिळणार नाही.” मिस्सेची वेळ चुकली तर तीही परत मिळत नाही, हे त्यांच्या लक्षातही आले नाही. आम्ही विरोध केला, कारण तेव्हा सरळ नाशिकरोडला गेलो असतो तर निदान मिस्सेचा उत्तरार्ध मिळाला असता. बस गंगापूर धरणाच्या दिशेने गेली. त्या आजींना अखेर बसमध्येच बिस्किटे खायला लावावी लागली.

वाइनरीतील कर्मचाऱ्यांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. लाल वाइनला रंग सालीतून येतो म्हणून रस सालींसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनसाठी साली आधीच बाजूला काढतात, हे त्यांनी मराठीत छान समजावून दिले. २१ वर्षांखालील मुलांसाठी ठरलेला द्राक्षरस आपण वाइनरीला आधी कळवलाच नव्हता, तोही त्यांनी स्वतःहून आणून दिला.

संध्याकाळी पाचनंतर बस बाळ येशू मंदिरापाशी आली. तोवर टेस्टिंग होऊन गेले होते. वाइन घेतलेल्या अवस्थेत देवासमोर जायचे नाही म्हणून कित्येक जण बाहेरच्या बाकांवर बसून राहिले. आत गेलेल्यांना वीस मिनिटे दिली होती. मंडळी गुडघे टेकून प्रार्थना करत असताना आपले व्यवस्थापक मोठ्याने इमारतीची माहिती सांगत फिरत होते. एका काकांनी हात जोडून त्यांना थांबायची विनंती केली. आमच्या माणसांवर प्रार्थनेसाठी अशी विनवणी करायची वेळ यावी, याचा मला आजही राग येतो.

ठाण्यात परतायला रात्रीचे साडेदहा वाजले. तोपर्यंत रविवारची शेवटची मिस्साही होऊन गेली होती. रविवारची मिस्सा आम्हाला बंधनकारक आहे आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा त्यासाठी चालते. सकाळी मिस्सेला पोहोचणे जमणार नाही, एवढे आपण आदल्या दिवशी दुपारपर्यंत जरी कळवले असते, तरी आम्ही सगळे शनिवारी आपल्या चर्चमध्ये जाऊन आलो असतो.

फोनवर आपल्या कार्यालयाने मला उत्तर दिले, “चर्च दाखवलं ना, मग तक्रार कशाची?” इमारत बघण्यासाठी आम्ही पैसे भरले नव्हते. मिस्सेत सहभाग हा आमच्या सहलीचा मुख्य भाग होता, आणि तो आम्हाला न विचारता आपण काढून टाकलात.

प्रत्येक प्रवाशाला निम्मी रक्कम १५ दिवसांत परत करावी आणि संपूर्ण गटाची लेखी माफी मागावी, ही आमची मागणी आहे. पुढच्या कोणत्याही गटाला पत्रकात मिस्सा किंवा उपासना छापून देणार असाल, तर वाइनरीचे आरक्षण तिच्या वेळेनुसार करा. मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही तक्रार दाखल करू.

आपला,
सहलगटाचा संयोजक,
ठाणे (पश्चिम)

सोबत: पत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, प्रवाशांच्या सह्यांचे निवेदन