पाच फूट दहा इंचांच्या बाईने पॅन्ट कुठून आणावी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतल्या बुलेटस्वार महिलांचा फोटो आपण दरवर्षी ठळक छापता. नऊवारी, नथ, डोक्यावर फेटा. फोटो मला आवडतो, खोटे कशाला बोलू. हेल्मेटच्या जागी फेटा का, हे सणाच्या दिवशी विचारू नये. पण पाडवा उलटला की त्यातल्या ज्या रोज गाडी चालवतात, त्या काय घालून चालवतात याची चौकशी कोणी करत नाही. म्हणून हे पत्र.

मी कामासाठी काटोल, नरखेड, पारशिवनी या बाजूला मोटारसायकलने फिरते. उंची पाच फूट दहा इंच. जॅकेट मिळाले, हातमोजे मिळाले, बूट पुरुषांच्या मापातले चालून गेले. घोडे अडले ते पॅन्टपाशी. गुडघ्याला आणि कमरेच्या बाजूंना कवच असलेली, रस्त्यावर घासली तर लगेच न फाटणारी पॅन्ट नागपुरात पुरुषांसाठी मिळते. बायकांसाठी दुकानात एखाद-दुसरी टांगलेली असते, आणि तिचा एक्सएल म्हणजे घेर जास्त, लांबी जवळपास तीच. बाई जाड होते, पण उंच होत नाही, असा काहीतरी हिशेब ही मापे ठरवणाऱ्यांनी केलेला दिसतो.

दुकानदाराचा सल्ला ठरलेला: "ताई, जेन्ट्सची घेऊन टाका ना, काय फरक पडते जी?" पडतो. पुरुषांच्या पॅन्टमध्ये लांबी मिळते, पण बाईच्या नितंबांना बसेल ती घ्यावी तर कमरेला मूठभर ढिली होते. पट्टा आवळला की मागे चुण्या पडतात आणि दोनेक तास बसल्यावर त्या टोचू लागतात. तेही सोसता येईल. पण मांडीला ढिली असलेली पॅन्ट पायाभोवती फिरते, आणि तिच्याबरोबर गुडघ्याचे कवचही बाजूला सरकते. पडल्यावर गुडघा आपटणार एकीकडे आणि कवच असणार भलतीकडे.

लांबीचा प्रश्न घोट्यापाशी आहे असे सगळ्यांना वाटते. "थोडी आखूड दिसते, बुटात झाकून जाईल." घोटा बुटात झाकला जातो, हे खरे. गुडघ्याचे काय? आखूड पॅन्टमध्ये गुडघ्याची जागाच वर असते. त्यात गाडीवर बसल्यावर गुडघा वाकला की कापड आणखी काही इंच वर ओढले जाते. उभे राहून आरशात बघितले तर सगळे ठीक दिसते. बसल्यावर कवचाची खालची कड गुडघ्याच्या वाटीवर आणि बाकीचे मांडीवर. हे ट्रायल रूममध्ये कळणारच नाही. दुकानासमोर आपली गाडी उभी असते, तिच्यावर बसून बघू द्या म्हटले की काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडतात. तरी बसूनच बघावे, रोजचे बूट घालून, गुडघा वाकवून.

जागेला इतके महत्त्व का, तर या कपड्यांची सगळी रचनाच शरीराच्या जागांवर बेतलेली असते. युरोपात २०२० साली आलेल्या ईएन १७०९२ या मानकात कपड्याचे भाग पाडले आहेत. गुडघा, नितंबाची बाजू, खांदा, कोपर हा सर्वांत धोक्याचा पहिला भाग. तिथले कापड घासण्याला सर्वांत जास्त टिकले पाहिजे. त्यानुसार कपड्याला एएए, एए, ए अशी श्रेणी मिळते. कवचासाठी वेगळे मानक आहे, ईएन १६२१-१. त्यात कवचावर ५० ज्यूलचा आघात करतात आणि पलीकडे सरासरी किती बल पोचले ते मोजतात: लेव्हल १ ला ३५ किलोन्यूटनपर्यंत चालते, लेव्हल २ ला २० पर्यंतच. आता लेव्हल २ चे महागडे कवच घेतले आणि ते चार बोटे वर बसले, तर त्या आकड्याचा मला काय उपयोग? उंच बाईच्या बाबतीत फक्त कवचच नाही, ते पहिल्या भागाचे दणकट कापडही गुडघ्याच्या वर निघून जाते. गुडघ्यावर उरते ते साधे, किंवा उन्हाळी पॅन्ट असेल तर जाळीचे. आणि पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात जाळीचीच घ्यावी लागते. मे महिन्यात इथे चामड्याची पॅन्ट घालायला सांगणाऱ्याने स्वतः ती घालून भर दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलवर उभे राहून दाखवावे. आपल्याकडे मुली सनकोट, स्कार्फ, हातमोजे यांनी उन्हापासून नखशिखांत झाकून घेतात. डांबरापासून झाकायची वेळ आली की लेगिंग.

शिंप्याकडून वाढवून घेता येते का, हे अनेकजणी विचारतात. काही अंशी येते. खालच्या टोकाला जोड देणे निर्धोक, कारण तो भाग बुटात जातो. मात्र घरगुती मशीनवर हे होत नाही. बॅगा शिवणाऱ्यांकडची जाड सुईची मशीन आणि नायलॉनचा दोरा लागतो. आतल्या अस्तरातला कवचाचा खिसा उसवून खाली घेता येतो, चांगला कारागीर ते नीट करतो. बाजूची मुख्य शिवण मात्र उसवू देऊ नये. ती दुहेरी-तिहेरी असते, घसरताना तीच कपडा धरून ठेवते, आणि एकदा उसवून साध्या दोऱ्याने शिवली की पॅन्ट दिसायला तशीच, कामाला निम्मी. गुडघ्यावरचे दणकट कापड तर कोणताच शिंपी खाली आणू शकत नाही.

सध्या मी जीन्सवर पट्ट्यांनी बांधायचे वेगळे नी-गार्ड वापरते. त्यांना पॅन्टच्या लांबीशी देणेघेणे नाही, नडगीही झाकली जाते. पण गुडघ्यामागे पट्टे काचतात, आणि नितंबाला कवच नाही ते नाहीच. गावातल्या शेतकरी बाया विचारतात, "पायाले काय लागलं वो बाई?"

उत्पादकांची बाजू मला कळते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, मी १७८. माझ्यासाठी माल बनवून गोदामात ठेवणे त्यांना परवडणार नाही. निफ्ट या फॅशनचे शिक्षण देणाऱ्या संस्थेने वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठिंब्याने 'इंडियासाइझ' नावाने २५ हजारांहून अधिक लोकांची मापे थ्रीडी स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तोही सहा शहरांत. त्यात मुंबई आहे, विदर्भातले एकही शहर नाही. सरासरीबद्दल माझे भांडण नाही. माझे म्हणणे इतकेच की कंबर आणि लांबी ही दोन वेगळी मापे आहेत, ती वेगळी विका. परदेशातल्या काही कंपन्या एकाच कमरेत आखूड, मध्यम आणि लांब पॅन्ट देतात. तेवढे जमत नसेल तर खाली दोन-तीन इंच कापड आत दुमडून ठेवा, कवचाच्या खिशाला वेल्क्रोच्या तीन जागा द्या, आणि गुडघ्यावरचा दणकट पट्टा वीतभर खालपर्यंत लांबवा. याने उंच बाईचे भागेल आणि ठेंगण्या बाईचेही, कारण तिचे कवच आज नडगीवर लोंबते. हिमालयन ४५० या मोटारसायकलची सीट ८२५ वरून ८४५ मिलिमीटरवर नेता येते. गाडी स्वाराचे माप पाहून बदलते, मग पॅन्टनेच काय घोडे मारले?

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेटपुरते बोलते. पॅन्टसाठीही सक्ती करा असे मी म्हणत नाही; पाचशे रुपयांच्या लेगिंगऐवजी काही हजारांची पॅन्ट घ्यायला कायद्याने लावणे अन्यायाचे होईल. पण निदान लेबलवर जांघेपासून घोट्यापर्यंतची लांबी आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर, ही दोन मापे सेंटिमीटरमध्ये छापायला काय हरकत आहे? ऑनलाइन मागवायची, आठवडाभर वाट बघायची, पुन्हा डबा बांधून परत पाठवायचा, हा वैताग निम्मा वाचेल.

पुढच्या वर्षी पाडव्याचा फोटो जरूर छापा. सोबत एखाद्या बातमीदाराला शहरातल्या रायडिंग गिअरच्या दुकानांत पाठवा आणि बायकांच्या किती पॅन्ट आहेत, कोणत्या लांबीच्या आहेत, ते मोजून आणायला सांगा. आणि सदर, धरमपेठ, वर्धा रोड, कुठल्याही दुकानदाराकडे आतून ३४ इंच लांबीची बायकांची पॅन्ट खरोखर असेल तर त्यांनी आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी शनिवारी बूट घालून येते.

आपली वाचक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर